चाल कोणाची?

आमचा नातू व्हायोलिन शिकतो. परवा त्याने एक आयरिश चाल वाजवून दाखवली. सहा मात्रांची, आपल्या दादऱ्यासारखी तीन-तीनची. कोमल गंधार-निषादामुळे मला काफीची आठवण झाली. नाचाच्या अशा चालीला तिकडे 'जिग' म्हणतात. स्वरलिपीच्या कागदावर नाव होते 'मॉरिसन्स जिग'. मला वाटले, कुणा मॉरिसनने रचली असेल. शोध घेतला तर निराळेच निघाले.

जेम्स मॉरिसन (१८९३-१९४७) हे आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यातले व्हायोलिनवादक. पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. टॉम कारमोडी त्यांच्या साथीला अकॉर्डियन वाजवत. ही चाल कारमोडींनी केरी परगण्यातून, आपल्या वडिलांकडून आणलेली. घरी तिला म्हणत 'चुलीवर आडवी काठी'! १९३६ साली मॉरिसननी ती तबकडीवर वाजवली, आणि नाव दिले 'मॉरिस कारमोडीज फेव्हरिट'. मॉरिस म्हणजे टॉमचे वडील. ज्याचे त्याला देऊन ते मोकळे झाले होते. पण लोकांनी तबकडी ऐकून चाल उचलली आणि वाजवणाऱ्याचेच नाव तिला लावले. पुढे स्वरलिपीतही तेच उतरले.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. चाल अजून कानात आहे. पण तिला ती कुणी शिकवली, हे विचारायचे राहूनच गेले. आता विचारणार कुणाला?

नातवाला म्हटले, कागदावर पेन्सिलीने 'कारमोडी' एवढे लिहून ठेव. त्याने लिहिले.