राजाबाई टॉवर ते बाळकुम : विद्यापीठातल्या संशोधनाची वाटचाल

१८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पेणजवळच्या वरसई गावाहून विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानावर आली होती. वाटेत त्यांना बंड भेटलं. झाशी पडली तेव्हा ते त्याच शहरात होते. लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, अंगावरच्या वस्त्रानिशी जीव वाचवला आणि अखेर गंगेची कावड घेऊन घर गाठलं. ते निघाले त्याच १८५७ च्या १८ जुलैला मुंबई विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला.

या दोन घटनांची गाठ पुढे कल्याणात जन्मलेल्या एका माणसाने घातली. चिंतामणराव वैद्य यांचा जन्म कल्याणचा, १८६१ चा. ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, वकील आणि पुढे महाभारताचे व मध्ययुगीन भारताचे मोठे अभ्यासक. गोडसे भटजी हे वैद्यांच्या घरचे उपाध्याय. ‘तुम्ही जे पाहिलंत ते लिहून काढा’ म्हणून वैद्यांनी त्यांच्यामागे लकडा लावला आणि भटजींनी १८८३ च्या सुमारास आपली हकिकत मोडीत उतरवली. १९०७ मध्ये वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापली, पण मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता वाचकांच्या हाती यायला १९६६ साल उजाडलं. ते काम दत्तो वामन पोतदारांनी केलं.

विद्यापीठातल्या संशोधनाची गोष्ट मला इथून सांगावीशी वाटते. घरच्या उपाध्यायाच्या आठवणी हे इतिहासाचं साधन आहे, हे एका पदवीधराने ओळखलं. पुढे दुसऱ्या अभ्यासकाने त्या छापील पुस्तकावर न थांबता हस्तलिखित गाठलं. साधन ओळखायचं आणि मग त्याची कसून तपासणी करायची, या दोन्ही गोष्टी या एकाच पुस्तकाच्या चरित्रात दिसतात. मात्र यातलं काहीही विद्यापीठाच्या इमारतीत घडलं नाही.

घडणार तरी कसं? आरंभीचं मुंबई विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं मंडळ. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले, महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतलेच. शिकवणं महाविद्यालयांकडे, पेपर विद्यापीठाकडे. कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, नाव मिळालं आणि १८७८ मध्ये तो बांधून पुरा झाला. उंची २८० फूट. प्रयोगशाळा मात्र एकही नव्हती.

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा आणि संशोधन करवण्याचा अधिकार दिला. तरीही मुंबईत समाजशास्त्राचा विभाग उभा राहायला १९१९ उजाडलं. पॅट्रिक गेडिस पहिले प्राध्यापक. १९२४ पासून धुरा गो. स. घुर्ये यांच्याकडे आली आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. भौतिक विज्ञानाची बाजू रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने सांभाळली. या विद्यापीठाचा आवाका किती होता ते भागवतांच्या घरात पाहावं. कमला भागवत, पुढच्या सोहोनी, रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्या, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेतल्या पोषकद्रव्यांवर काम केलं. थोरल्या बहीण दुर्गाबाई बौद्ध विधिशास्त्रावरून लोकसाहित्याकडे वळल्या आणि आदिवासी मुलखात पायी हिंडल्या. एकीच्या हातात परीक्षानळी, दुसरीच्या हातात पोथी, आणि दोघी एकाच विद्यापीठाच्या.

आता मुद्दाम थांबतो ते यूडीसीटीपाशी. १ ऑक्टोबर १९३३ रोजी, विठ्ठल नारायण चंदावरकर कुलगुरू असताना, विद्यापीठाचा हा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना रंगाई, धुलाई आणि फिनिशिंग जाणणारी माणसं हवी होती, म्हणून कापडाचं रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग या दोन गोष्टींवर भर राहिला. १९३८ मध्ये के. वेंकटरामन संचालक झाले. रंगद्रव्यांच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ जगभरच्या रंगांच्या प्रयोगशाळांमध्ये संदर्भाला वापरला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले. विभाग तोवर माटुंग्याला आलेला होता.

माटुंग्याचं खरं तेज दिसलं ते मन मोहन शर्मा यांच्या काळात. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे डॉक्टरेट करून १९६४ मध्ये ते परतले आणि ऐन सत्ताविशीत प्राध्यापक झाले. त्यांचा विषय ऐकायला रुक्ष वाटतो : वायू द्रवात विरघळताना रासायनिक क्रिया झाली तर काय होतं? पण कारखान्याचा सगळा हिशेब याच प्रश्नावर उभा असतो. टाकीत वायूचे बुडबुडे सोडले की बुडबुडा आणि द्रव जिथे एकमेकांना भिडतात तेवढ्याच पृष्ठभागावर काम होतं. हा पृष्ठभाग मोजायचा कसा? लाखो बुडबुडे, प्रत्येक वेगळा, क्षणोक्षणी फुटणारा. यावरची युक्ती फार सुंदर आहे. जिचा वेग आधीच पक्का ठाऊक आहे अशी क्रिया घ्यायची, उदाहरणार्थ कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषणं. ठरावीक वेळात किती वायू शोषला गेला ते मोजायचं आणि त्यावरून उलट गणित करत पृष्ठभाग काढायचा. बुडबुड्याला हात न लावता बुडबुड्यांचं क्षेत्रफळ हाती येतं. डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी ही रीत पक्की केली, माटुंग्याच्या विद्यार्थ्यांनी ती नाना प्रकारच्या उपकरणांवर चालवून पाहिली आणि टाक्या आखणाऱ्या इंजिनिअरांच्या ती कामी आली. १९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले; हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय केमिकल इंजिनिअर. त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर यांनाही तो १९९८ मध्ये मिळाला.

हे यश कशाने आलं? माझ्या मते तीन गोष्टींनी. दारातच गिरण्या आणि रंगांचे कारखाने होते, त्यामुळे प्रश्न जिवंत होते. उद्योगांशी नातं असल्यामुळे कामाला सरकारी अनुदानाबाहेरही आधार होता. आणि माणसं एकाच प्रश्नाला तीस-तीस वर्षं धरून बसली. ठाण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कोलशेत रस्त्यावर बायर, क्लॅरियंट यांचे कारखाने होते, पुढे ठाणे-बेलापूर पट्टा, पलीकडे डोंबिवली एमआयडीसी, आंबिवलीजवळ नॅशनल रेयॉन (एनआरसी). माटुंग्याच्या पदवीधराला नोकरीसाठी लांब जावं लागत नसे.

२००८ मध्ये हा विभाग अभिमत विद्यापीठ झाला आणि आज आयसीटी म्हणून ओळखला जातो. त्याला स्वायत्तता मिळाली हे योग्यच झालं. पण मुंबई विद्यापीठाच्या अंगणातून संशोधनाचं सगळ्यात भरलेलं झाड गेलं, हेही तितकंच खरं. कलिन्याला अणुऊर्जा विभागाच्या साथीने २००७ मध्ये मूलभूत विज्ञानाचं केंद्र निघालं, तो मोठाच आधार. तरी सातशेहून अधिक संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांचं ओझं विद्यापीठाच्या मानेवरून उतरलेलं नाही. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या निर्णयानंतर निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं. असा प्रसंग आला की विद्यापीठातला प्रत्येक माणूस निकालाच्या कामाला जुंपला जातो. संशोधकाचा वेळ सगळ्यात आधी तिथेच खर्ची पडतो.

ठाण्याच्या माजिवड्याशी ही वाटचाल येते ती अलीकडे. नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकमेकांना भेटतात त्या नाक्यावरून कापूरबावडीमार्गे बाळकुमकडे गेलं की विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर लागतो. तिथे कायदा आणि व्यवस्थापनाचे पाच वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रम चालतात. कल्याणच्या उपपरिसरात अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानाची शाळा आहे. कर्जत-कसाऱ्याकडच्या मुलाला फोर्टची किंवा कलिन्याची लोकल धरावी लागू नये, हा यामागचा हेतू मला मनापासून पटतो. मात्र उपपरिसर केवळ वर्ग भरवण्यापुरते राहिले तर संशोधनाला जागा न ठेवण्याची १८५७ चीच चूक नव्या इमारतीत होईल. ठाणे-कल्याणला संशोधनाचे विषय शोधायला जावं लागत नाही, ते पायाखाली आहेत.

प्रवासवर्णनांचंच घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वाटाड्या-ग्रंथात कल्याण बंदराचं नाव येतं : इथला व्यापार आता रोखला आहे, चुकून आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सहाव्या शतकात कॉस्मस हा व्यापारी कल्याणचं पितळ, शिसवी लाकूड आणि कापड नोंदवतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यानंतर लवकरच आलेल्या ओडोरिकने त्यांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि थेट चीनपर्यंत नेल्या. तोच ओडोरिक लिहून ठेवतो की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, त्यांना कुत्रेच मारतात. परदेशी वाचकाला ही थाप वाटेल. चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाने घूस पाहिलेली असते, त्याला ओडोरिक खरं बोलतोय हे लगेच कळेल. कॅम्बेलच्या १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये अशा प्रवाशांचे दाखले मोठ्या मेहनतीने गोळा केले आहेत. ते मराठीत, टिपांसह आणि स्थानिक माणसाच्या नजरेने तपासून यायला हवेत.

आणि इथेच इतिहास व इंजिनिअरिंग एकत्र येऊ शकतात. ग्रीक गलबतं लागत होती ते बंदर नेमकं कुठे होतं? उल्हास नदीचं मुख गाळाने कसकसं उथळ होत गेलं? याचं उत्तर ग्रंथालयात अर्धं मिळेल. उरलेलं अर्धं खाडीत उभी नळी ठोकून काढलेल्या गाळाच्या थरांत आहे : सगळ्यात खाली जुनी वाळू आणि शिंपले, त्यावर पुराचा गाळ, आणि वरच्या थरांत गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या कारखान्यांनी सोडलेले जड धातू. त्याच नमुन्यावर इतिहासाचा विद्यार्थी बंदराचा काळ ठरवील आणि रसायनाचा विद्यार्थी प्रदूषणाचा. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रसायनांच्या कारखान्यांत भीषण स्फोट झाले, आजूबाजूच्या वस्तीतल्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, माणसं गेली. ज्या भागात हे घडतं त्याच भागातल्या अभियांत्रिकीच्या शाळेत प्रक्रियेतल्या सुरक्षिततेवर प्रबंध लिहिले जावेत, यापेक्षा रास्त मागणी कोणती असेल?

यासाठी लागणारी सामग्री अवाढव्य नाही. गाळाचे नमुने काढायला एक होडी आणि भरती-ओहोटी जाणणारा कोळी. थर तपासायला लागणारी यंत्रं कलिन्यात आणि मुंबईतल्या इतर संस्थांत आहेत. मोडी वाचणारे लोक अजून ठाणे-कल्याणात सापडतात. विद्यापीठाने फक्त पदं भरायची आहेत, मार्गदर्शक नेमायचे आहेत आणि त्यांना परीक्षेच्या कामातून सोडवायचं आहे. ज्यांचा हा सगळा विषय, ती मुलं बाळकुमच्या आणि कल्याणच्या वर्गांत आजच बसलेली आहेत.