राणीमाशीची गुणवत्ता

राणीमाशीची गुणवत्ता : मधमाश्यांच्या वसाहतीतील राणी किती अंडी घालू शकते, तिच्याजवळ किती आणि कसे शुक्राणू साठले आहेत व तिच्या गंधाने वसाहत किती काळ एकत्र नांदते, यांवरून ठरणारा तिचा कस. युरोपीय मेलिफेरा जातीची चांगली राणी भर हंगामात दिवसाला दीड ते दोन हजार अंडी घालते. प्रत्येक कामकरी माशी तिचीच मुलगी असल्यामुळे मधाचे उत्पन्न, रोगांना तोंड देण्याची ताकद, माश्यांचा शांत किंवा चिडका स्वभाव या सगळ्याचे कारण मधपाळ राणीच्या वाणात शोधतात. वाण महत्त्वाचा आहेच. पण उत्तम वाणाची राणीही दोन ठिकाणी कमी पडू शकते : अळी असताना मिळालेल्या आहारात आणि मिलनाच्या मोजक्या उड्डाणांत. तेथे राहिलेली उणीव पुढे आयुष्यभर भरून निघत नाही.

राणी आणि कामकरी माशी दोघी सारख्याच फलित अंड्यातून जन्मतात. अंडे तीन दिवसांनी उबते. सुरुवातीला सर्वच अळ्यांना तरुण दाया माश्या आपल्या डोक्यातील ग्रंथींचा स्राव भरवतात. पुढे कामकऱ्यांच्या अळ्यांचा आहार बदलून त्यात मध व पराग येऊ लागतात, तर राणीची अळी तिचे घर मेणाने बंद होईपर्यंत या स्रावात, म्हणजे रॉयल जेलीत, अक्षरशः लोळत असते. अंड्यापासून सोळाव्या दिवशी राणी बाहेर पडते. कामकरी माशीला एकवीस दिवस लागतात.

सुमारे तीन दिवसांपर्यंतच्या अळीपासून राणी तयार होऊ शकते. मात्र राणी होणे आणि चांगली राणी होणे यांत मोठे अंतर आहे. पोलंडचे मधमाशीतज्ज्ञ येझी वोइके यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की राणी करण्यासाठी निवडलेली अळी जितकी मोठी, तितके राणीचे वजन कमी, अंडाशयातील अंडनलिका कमी आणि शुक्राणू साठवणारी पिशवीही लहान. चांगल्या मेलिफेरा राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या वर अंडनलिका असतात. कामकरी माशीत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. अमेरिकेतील गिल्बर्ट डूलिटल यांच्या १८८९ मधील पुस्तकामुळे मेणाच्या कपात अळी उचलून ठेवण्याची ग्राफ्टिंगची पद्धत रूढ झाली. त्या पद्धतीत चोवीस तासांच्या आतली, जेमतेम अंड्याएवढी अळीच घ्यावी, हा नियम वोइके यांच्या मोजमापांनी पक्का केला.

राणी अचानक मेली, तर कामकरी माश्या घाईने हाताशी असलेल्या अळ्यांपासून राणी करतात. त्यात मोठ्या अळ्याही निवडल्या जातात, म्हणून अशा आणीबाणीतल्या राण्या एकसारख्या निघत नाहीत. वसाहत फुटण्याच्या वेळी किंवा म्हातारी राणी बदलताना मात्र अंडे थेट राणीघरातच घातले जाते. २०१९ मध्ये चिनी व ऑस्ट्रेलियन संशोधकांना आढळले, की राणीघरात घातलेली अंडी मुळातच आकाराने मोठी असतात आणि त्यांपासून होणाऱ्या राण्या जास्त वजनदार असतात. म्हणजे अळीच्या तोंडात पहिला घास पडण्याआधीच आईने तिला काही दिलेले असते.

रॉयल जेलीतील एकाच द्रव्यामुळे राणी घडते, असे २०११ मध्ये जपानमधून मांडले गेले. पण हा दावा नंतरच्या संशोधनात टिकला नाही. त्याआधी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात अळ्यांमधील डीएनएवर खुणा चढवणाऱ्या एका विकराचे काम थांबवले, तेव्हा बऱ्याच अळ्या राणीच्या वळणावर गेल्या. आहार जनुके बदलत नाही, त्यांचा वापर बदलतो, हे यातून स्पष्ट झाले. मधपाळाने यातून घ्यायचे ते साधे आहे. राणीघरे ज्या वसाहतीत वाढवायची, ती तरुण माश्यांनी गच्च भरलेली असावी आणि तिच्याकडे परागाचा भरपूर साठा असावा. दुष्काळी दिवसांत, उपाशी वसाहतीत, कितीही नामांकित वाणाची अळी ठेवली तरी राणी किडकिडीतच निघते.

बाहेर पडल्यावर साधारण आठवडाभरात राणी दुपारच्या उन्हात मिलनासाठी उडते. हवेत उंचावर ठरावीक जागी जमलेल्या नरांपैकी मेलिफेरा राणी सरासरी बारा किंवा त्याहून अधिक नरांशी संग करते. त्यांच्याकडून मिळालेल्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी पन्नास ते सत्तर लाखच पिशवीत साठतात आणि तेवढ्यांवर तिची सगळी वर्षे निभतात. अंडी घालू लागल्यावर ती पुन्हा मिलन करीत नाही. हवा खराब असल्याने उड्डाण तीन-चार आठवडे लांबले, तर ती अफलित अंडी घालून फक्त नर जन्माला घालू लागते.

नरांची संख्या जितकी मोठी, तितक्या वसाहतीत वेगवेगळ्या बापांच्या मुली. कॉर्नेल विद्यापीठातील मॅटिला व सीली यांच्या २००७ मधील प्रयोगात एकाच नराचे रेतन दिलेल्या राण्यांच्या वसाहतींपैकी एकही हिवाळा पार करू शकली नाही. पंधरा नरांचे रेतन दिलेल्या वसाहतींपैकी काही तगल्या. जवळच्या नात्यातील नर मिळाले, तर फलित अंड्यांतूनही नर निपजतात. अशा अळ्या कामकरी माश्या खाऊन टाकतात, हे वोइके यांनीच १९६३ मध्ये सिद्ध केले. फणीवर मधूनमधून रिकामी घरे दिसतात, त्याचे हे एक कारण.

महाराष्ट्रातील सातेरी माशीला मेलिफेराचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. सातेरीची राणी लहान, तिच्या अंडनलिका कमी आणि नरांच्या शुक्राणूंची संख्याही मेलिफेराच्या मानाने पुष्कळच कमी असते. वोइके यांनी भारतातील सातेरी राण्यांच्या नैसर्गिक व कृत्रिम रेतनाचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. अळीचा चांगला आहार आणि पुष्कळ नर हे तत्त्व मात्र दोन्ही जातींना सारखेच लागू पडते. महाबळेश्वरच्या डोंगरात किंवा कोकणात पेट्यांतील राण्यांना झाडांच्या ढोल्यांतल्या रानवट मोहोळांचे नरही मिळतात. ती मोहोळे जाळली किंवा ओरबाडली, की पेटीतल्या राणीचाही कस उतरतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

मिलनानंतरही राणी बिघडू शकते. पिल्लांच्या जागी वसाहत ३४ ते ३५ अंश सेल्सियस तापमान राखते. प्रवासात राणीला हे संरक्षण मिळत नाही. साठलेले शुक्राणू साधारण १५ ते ३८ अंशांदरम्यान सुरक्षित राहतात, असे २०२० मधील संशोधन सांगते. त्यामुळे उन्हाळ्यात बंद वाहनातून नेलेली राणी वरून धडधाकट दिसली तरी आतून निकामी झालेली असू शकते. माश्यांवरील परजीवी व्हरोआ माइटवर वापरलेली, मेणात मुरलेली कूमाफॉससारखी कीटकनाशके राणीच्या अळ्यांना घातक ठरतात.

राणीची पारख रंगावरून होत नाही. वजन उपयोगी पडते, पण अंडी घालू लागल्यावर ते बदलते. बंद घरांची सलग फणी हे राणीचे प्रमाणपत्र समजले जाते. पण २०१९ मधील अमेरिकी अभ्यासात विरळ फणी देणाऱ्या राण्या सशक्त वसाहतीत हलवल्यावर त्यांची फणी सुधारली. म्हणून विरळ फणी दिसताच राणी मारून टाकू नये. आधी माइट, रोग, परागाचा साठा आणि जुने मेण तपासावे.