चार राजांचा पट

नागपूरहून दक्षिणेस निघालेला हमरस्ता बुटीबोरीस पोहोचला म्हणजे तेथे त्याला फाटा फुटतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे उतरते, दुसरी वर्ध्यावरून यवतमाळ-नांदेडाकडे वळते, आणि या फाट्याच्या आसमंतात पसरलेल्या औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्यांत राबणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांतील कित्येकांच्या मोबाइलच्या पडद्यावर अलीकडे जगाचा नकाशा मांडलेला दिसतो. त्या नकाशातील मुलूख निरनिराळ्या रंगांनी रंगलेले असतात. ज्याची खेळी आली असेल त्याने चोवीस तासांच्या आत आपली फौज वाढवावी, शेजारच्या मुलखावर चाल करावी, सरहद्दीवर शिबंदी ठेवावी आणि पुढच्यास वाट मोकळी करून द्यावी, असा या खेळाचा शिरस्ता आहे. रात्रपाळीवरून परतणारा एकजण चहाच्या टपरीवर दुसऱ्याला, "भाऊ, बारी तुझी हाय, टाक ना लवकर," असे म्हणतो, तेव्हा तो संगणकयुगातली एखादी नवलाची गोष्ट करतो आहे असे ऐकणाऱ्यास वाटते; परंतु या खेळाची वंशावळ पाहू गेल्यास तिचे मूळ आपल्याच भूमीत आणि तेही फार खोल गेलेले आढळते.

बुद्धिबळ म्हटले की दोन राजे आणि दोन सैन्ये एवढेच चित्र आज आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. चार राजांचेही बुद्धिबळ एकेकाळी या देशात खेळले जात असे, हे मात्र बहुतेकांच्या स्मरणातून गेले आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्बेरुनीने हिंदुस्थानचे वर्णन लिहिताना त्याची नोंद केली. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, ज्याच्या सत्तेखाली आपल्या महाराष्ट्राचाही मोठा भाग होता, त्याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये या चौघांच्या खेळास स्थान दिले. आणि सोळाव्या शतकातील बंगाली धर्मशास्त्रकार रघुनंदन याने आपल्या 'तिथितत्त्वा'त कोजागरीच्या जागरणाचा विचार करताना, व्यास युधिष्ठिरास हा खेळ शिकवीत आहेत अशी योजना करून त्याचे नियम सांगितले. चौसष्ट घरांच्या पटावर चार दिशांना चार सैन्ये मांडावयाची, तांबडे, हिरवे, पिवळे आणि काळे. प्रत्येकाजवळ राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी. फासा लांबट, चार बाजूंचा. पाच पडले तर प्यादे किंवा राजा चालावयाचा, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा आणि दोन पडले तर नौका. समोरासमोरचे दोघे एकमेकांचे मित्र. शत्रूच्या राजाच्या घरात आपला राजा जाऊन बसला म्हणजे त्यास सिंहासन म्हणत, आणि सर्व राजे एकाच्या हाती आले म्हणजे ती चतुराजी.

या नियमांमध्ये एक कलम असे आहे की त्यावर मी पुनःपुन्हा थबकतो. आपला राजा मित्राच्याच सिंहासनावर चढला तर दोन्ही सैन्यांचे आधिपत्य त्यास मिळते. म्हणजे मित्र हा येथे केवळ पाठीराखा राहत नाही. त्याचे आसनही पटावरचे एक घर असते आणि त्या घरावर आपली दृष्टी जाऊ शकते. ज्याने हा नियम प्रथम बसविला तो राजकारण जवळून पाहिलेला मनुष्य असला पाहिजे असे माझे मत आहे. दोन राजांच्या पटावर शत्रू कोण हा प्रश्न कधी पडतच नाही; चार राजांच्या पटावर तो प्रत्येक खेळीस नव्याने पडतो, आणि आजच्या जगज्जयाच्या खेळाचे मर्म नेमके त्या प्रश्नात आहे.

चौघांचा खेळ मागे पडला, फासाही गेला, आणि दोघांचे बुद्धिबळ राहिले. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' रचला, त्यातील 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे विवरण आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अवतार १८१४ साली मुंबईत छापला गेला. आपल्या घराघरांत जो देशी डाव चाले, त्यात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर सरके, शह लागलेला नसेल तोवर राजास एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे, प्रतिपक्षाचा केवळ राजा उरला तर ती बुर्जी होऊन डाव बरोबरीत सुटे, आणि प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची समजत. ही दोन राजांची परंपरा नागपुरात आजही किती सतेज आहे हे सांगावयास नको. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी कोनेरू हम्पी यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला. त्या यशाचा मला मनापासून अभिमान आहे. तथापि येथे मला मागोवा घ्यावयाचा आहे तो दुसऱ्या, विस्मृत शाखेचा.

ती शाखा पुन्हा फुटली ती युरोपात. खेळी खेळून दिवसचे दिवस उत्तराची वाट पाहावयाची, ही आजच्या ऑनलाइन खेळाची रीत टपालाने घालून दिली. १८०४ साली फॉन मॉव्हियों नावाच्या सेनाधिकाऱ्याने नेदरलंडमधील हेग आणि ब्रेडा या नगरांमध्ये पत्रांद्वारे खेळलेले डाव उपलब्ध आहेत, आणि १८२४ ते १८२८ या काळात एडिंबरोच्या मंडळाने लंडनच्या मंडळास टपालाच्या डावांत नमविले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शकाने, लहान मुलगा आणि लाल फुगा यांची कथा सांगणाऱ्या चित्रपटामुळे ज्याचे नाव जगभर झाले त्यानेच, जगज्जयाचा एक पट रचला. तो १९५७ साली फ्रान्समध्ये आणि १९५९ साली 'रिस्क' या नावाने अमेरिकेत विक्रीस आला. त्याच १९५९ साली अॅलन कॅल्हॅमर या अमेरिकन गृहस्थाने पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्तांचा 'डिप्लोमसी' हा खेळ प्रसिद्ध केला, त्यात फासा मुळीच नाही. प्रत्येकाने इतरांशी खाजगीत बोलणी करावयाची, हुकूम लिहून ठेवावयाचे आणि ते एकदम उघडावयाचे. १९६३ पासून तो टपालाने खेळला जाऊ लागला. फाशांचे दैव एकाकडून आणि वकिलातीचे कसब दुसऱ्याकडून घेऊन, टपालाच्या जागी संगणकाचे जाळे आले, आणि बुटीबोरीच्या पोरांच्या हाती जो खेळ आहे तो सिद्ध झाला.

आता त्याची घडण पाहू. लामोरिसच्या पटाचे जे रूप सर्वत्र रूढ झाले त्यात जगाचे ४२ मुलूख आणि सहा खंड आहेत. आपल्या खेळीच्या आरंभी, हाती असलेल्या मुलखांच्या संख्येस तिनाने भागून येईल तितकी, परंतु तिनाहून कमी नाही, अशी नवी फौज मिळते. पूर्ण खंड हाती असल्यास वर इनाम मिळते: आशियाचे सात, युरोप आणि उत्तर अमेरिकेचे प्रत्येकी पाच, आफ्रिकेचे तीन, दक्षिण अमेरिकेचे आणि ऑस्ट्रेलियाचे प्रत्येकी दोन. नवशिक्याची नजर आशियाच्या सातावर जाते आणि तेथेच त्याचा घात होतो. कारण आशियास चहूकडून वाटा येऊन मिळतात, तर ऑस्ट्रेलियात शिरावयास एकच वाट आहे आणि ती अडविली म्हणजे दोनाचे का होईना पण उत्पन्न निर्वेधपणे हाती येत राहते. आपला हिंदुस्थान या पटावर एकच मुलूख आहे, त्याला चार सरहद्दी आहेत, आणि जो तो राखू पाहतो त्याची फौज चार ठिकाणी विभागली जाते. फाशांचे गणितही समजून घेतले पाहिजे. चढाई करणारा तीन फासे टाकतो आणि बचाव करणारा दोन, तेव्हा बाजू चढाईची किंचित वरचढ असते. परंतु एकास एक फासा उरला की बरोबरीचे दान बचावाकडे जात असल्यामुळे चढाई करणाऱ्यास छत्तीसांपैकी पंधराच दाने अनुकूल पडतात. म्हणून मोहीम भरघोस फौजेने आरंभावी आणि फौज पातळ होऊ लागताच थांबवावी, हा या पटावरचा पहिला धडा.

हा धडा कोणा परक्या ग्रंथातून शिकण्याची नागपूर प्रांतातील मनुष्यास गरज नाही, कारण या भूमीचा अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांचा इतिहास हाच त्यावरचा सविस्तर पाठ आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाने ओरिसाचा वसूल त्यांच्याकडे सोडला आणि बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये देण्याचे कबूल केले. नागपूरच्या दौलतीचा हात असा पूर्वसमुद्रास लागला. परंतु नागपूर आणि कटक यांच्यामध्ये दाट अरण्याचा आणि विरळ वस्तीचा मुलूख होता, फौज एका टोकाहून दुसऱ्या टोकास न्यावयास महिने लागत, आणि या लांबीची किंमत १८०३ साली चुकवावी लागली. दुसरे रघूजी शिंद्यांसह दक्षिणेत ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीशी गुंतले, २३ सप्टेंबरला असईस पराभव झाला; आणि मुख्य फौज इकडे अडकलेली असताना तिकडे गंजामहून निघालेल्या कंपनीच्या पलटणींनी १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला घेतला. नोव्हेंबरअखेर आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह: कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. यशवंतराव होळकर त्या युद्धापासून अलग राहिले. पुढच्याच वर्षी कंपनीची फौज त्यांच्यावर चालून गेली. दूरचे खंड शिबंदीवाचून टाकणे आणि तिसऱ्याने उदासीन राहून दोघांचा नाश पाहणे, या पटावरच्या दोन्ही ठळक चुका त्या एका वर्षात प्रत्यक्ष घडल्या, आणि त्यांपायी गेले ते खरे मुलूख आणि खरी माणसे, हे आठवले की माझे मन आजही विषण्ण होते.

कौटिल्याने हे शास्त्र दोन सहस्रकांपूर्वी बांधून ठेवले होते, पण त्याचा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ लुप्तप्राय झाला. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो १९०९ साली छापून प्रकाशात आणला, आणि र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन खंडांत प्रसिद्ध केली. जिंकू इच्छिणारा विजिगीषू मध्यभागी. त्याच्या सीमेस लागून असलेला तो अरी, अरीच्या पलीकडचा तो मित्र. आणि आपण पुढे चाल केली असता पाठीवर येणारा तो पार्ष्णिग्राह. ऑनलाइन पटावर नवशिक्यांचा पाडाव बहुधा या पार्ष्णिग्राहाकडूनच होतो, कारण ते समोरच्या मुलखाचे फौजबळ मोजतात आणि पाठीमागचे मोजावयाचे विसरतात. राजनीतीच्या सहा गुणांपैकी (षाड्गुण्य) आसन, म्हणजे जागच्या जागी सावध राहणे, हा गुण तर या खेळाचा प्राणच म्हटला पाहिजे. चोवीस तासांची मुदत असताना पहिल्या पाच मिनिटांत खेळी उरकणारा खेळाडू ती मुदत वाया घालवितो. या अवधीत इतरांच्या फौजा कोणत्या बाजूस सरकल्या, कोणी कोणावर चाल करण्याचे दोनदा टाळले, कोणता तह न बोलताच झाला आहे, हे वाचावयाचे असते.

तहाचा विषय निघाला म्हणून नागपुरातील सीताबर्डीकडे वळतो. अप्पासाहेब भोसल्यांनी २७ मे १८१६ रोजी कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. ज्याच्या फौजेच्या आश्रयाने दौलत राखावयाची त्याच्या हातीच दौलतीची किल्ली गेली. मित्राने सिंहासनावर चढून दोन्ही सैन्यांचे आधिपत्य घ्यावे, हे चतुराजीचे कलम येथे अक्षरशः खरे झाले. पुढे पेशव्यांनी कंपनीविरुद्ध शस्त्र उचलल्यावर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली. भोसल्यांची फौज कित्येक पटींनी मोठी होती, तिच्यातील अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. पण ती हातची गेली, हल्ला थांबला, आणि थांबलेल्या त्या दिवसांत कंपनीची कुमक एकामागून एक येऊन पोहोचली. १६ डिसेंबरच्या लढाईनंतर राजधानी पडली. पुढे गादीवर आलेले तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले, आणि डलहौसीने १८५४ साली संस्थान खालसा केले.

माझ्या परिचयाची काही मंडळी बुटीबोरीत हा खेळ नियमाने खेळतात, आणि त्यांनी आपसात एक पद्धत पाडली आहे ती मला फार पसंत आहे. तह करावयाचा तर तो खेळाच्या फलकावर सर्वांना दिसेल असा लिहावा. त्यात कोणती सरहद्द, किती पाळ्यांपर्यंत आणि मोडावयाचा झाल्यास किती पाळ्या आधी कळवावयाचे, ही तीन कलमे असावीत. मुदत घातलेला तह मुदत संपली की आपोआप सुटतो, त्यामुळे विश्वासघाताचा ठपका कोणावर येत नाही आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी तेच दोघे मोकळ्या मनाने भेटू शकतात. बिनमुदतीचा तह मात्र त्यांच्यात कोणी करीत नाही. डाव तिघांवर आला म्हणजे तर दुबळ्या दोघांनी, बलवान तिसऱ्याचे खंड मोडेपर्यंतच, दोन-दोन पाळ्यांचा करार करावा आणि तो दर खेपेस नव्याने लिहावा, असा त्यांचा पाठ आहे.