आशय-व्यवस्थापन प्रणाली (विद्यापीठीय संकेतस्थळ)

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील परिपत्रके, वेळापत्रके, निकाल व इतर मजकूर प्रोग्रामिंग न येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही चढवता, बदलता आणि काढता यावा, यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर. रोजच्या बोलण्यात ‘सीएमएस’. मजकूर डेटाबेसमध्ये आणि पानाची मांडणी ‘थीम’मध्ये, अशी फारकत हे त्याचे मूळ तत्त्व. त्याआधी प्रत्येक पान एचटीएमएलमध्ये हाताने तयार होई. साधी नोटीस लावायची तरी संगणक विभागाची वाट पाहावी लागे. ड्रूपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व जूमला (२००५) या मुक्तस्रोत प्रणाली विशेष प्रचलित आहेत. यांतील ड्रूपलचा उगम अँटवर्प विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या संदेशफलकात आहे.

मुंबई विद्यापीठाची (स्थापना १८५७) मुख्य कार्यालये फोर्ट व कलिना येथे, तर कार्यक्षेत्र ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. ठाण्यात बाळकुम येथे उपकेंद्र आहे, कल्याणलाही एक आहे. तरीही गुणपत्रिकेतील दुरुस्ती किंवा स्थलांतर प्रमाणपत्र म्हटले की डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला लोकलने कुर्ल्यापर्यंत व तेथून बस-रिक्षाने कलिना गाठण्याची वेळ येऊ शकते. त्याच्यासाठी संकेतस्थळ हीच विद्यापीठाची जवळची खिडकी. तेथील माहिती चुकीची निघाली, तर त्याचा अख्खा दिवस जातो.

मुंबई विद्यापीठाच्या फायलींच्या पत्त्यांत वर्डप्रेसची खूण असलेला ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हा शब्द दिसतो. जुने संकेतस्थळ ‘अर्काइव्ह’ या उपडोमेनवर राहिले. हा मार्ग शहाणपणाचा आहे, कारण जुन्या परिपत्रकांचे दुवे महाविद्यालयांच्या नोंदींत व पत्रव्यवहारात रुजलेले असतात. ते एकाएकी मोडले तर पुरावाच हरवतो.

सर्वांत मोठी अडचण फायलींची असते. वर्डप्रेस चढवलेली फाइल वर्ष-महिन्याच्या कप्प्यात ठेवते. परीक्षेचे सुधारित वेळापत्रक त्याच महिन्यात त्याच नावाने चढवले, तर जुनी फाइल पुसली जात नाही. नव्या फाइलच्या नावापुढे ‘-१’ लागते. पानावरचा दुवा बदलला, तरी व्हॉट्सॲप गटांत फिरणारा जुना दुवा जुनेच वेळापत्रक उघडतो. म्हणून रद्द झालेली फाइल सार्वजनिक जागेतून काढून तिची प्रत दफ्तरी ठेवणे आणि सुधारित फाइलवर ठळक तारीख घालणे, हा नियम प्रणाली निवडण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मराठी मजकुराचा प्रश्न वेगळा. श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेले मजकूर युनिकोडमध्ये आणल्याखेरीज शोधता येत नाहीत, आणि फाँट नसलेल्या संगणकावर त्यांच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली पीडीएफ तर स्क्रीन-रीडरला वाचताच येत नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे (पहिली आवृत्ती २००९) सुगम्यतेचा आग्रह धरतात. त्यामुळे स्कॅनसोबत परिपत्रकाचा मजकूरही पानावर देणे आवश्यक आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मधील स्वयंप्रेरित प्रकटीकरण, तसेच नॅकच्या मूल्यांकनासाठी लागणारी कागदपत्रे यांमुळेही संकेतस्थळावरचा भार वाढला आहे.

प्रणालीत लेखक, संपादक, प्रशासक अशा भूमिका ठरवता येतात: विभागातील लिपिक मसुदा चढवतो, विभागप्रमुख मंजुरी देतो. व्यवहारात एकच पासवर्ड अनेकांच्या हाती गेला, की कोणता बदल कोणी केला हे कळेनासे होते. कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर किंवा ठाण्याचे बांदोडकर अशा महाविद्यालयांची संकेतस्थळे विद्यापीठाच्या संकेतस्थळापासून वेगळी असतात. विद्यापीठाच्या अखत्यारीतील विभाग व उपकेंद्रांसाठी मात्र ‘मल्टिसाइट’ (वर्डप्रेसमध्ये २०१० पासून अंगभूत) सोयीचे पडते: एकच सॉफ्टवेअर, प्रत्येकाचे स्वतंत्र दालन.

प्रणाली स्वीकारताना डोमेन, डेटाबेस व थीमचे हक्क विद्यापीठाकडे राहतील, असे करारात लिहून घ्यावे लागते. ठेकेदार बदलला की हीच बाब निर्णायक होते. प्लगइन (प्रणालीला जोडलेली पूरक सॉफ्टवेअर) वेळेवर अद्ययावत करणे आणि बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणे ही कायमची कामे असून त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी तरतूद लागते.