वळण नेमकं कुठे आलं? चाऊ टेस्टनंतरची तेहतीस वर्षं

१९९१ मध्ये भारताची अर्थव्यवस्था बदलली, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण वाढीच्या आकड्यांची मालिका समोर ठेवून, वर्ष न सांगता, 'वळण कुठे आहे?' असं विचारलं तर? हा प्रश्न नीट विचारता यायला संख्याशास्त्राला बराच वेळ लागला.

ग्रेगरी चाऊ अमेरिकेतल्या मोटारींच्या मागणीवर काम करत होते. जुन्या वर्षांवरून बांधलेलं समीकरण नव्या वर्षांनाही लागू पडतं का, ही त्यांची अडचण. १९६० च्या त्यांच्या निबंधातली युक्ती सोपी आहे. मालिका एका वर्षापाशी कापा, दोन्ही तुकड्यांना वेगवेगळी रेषा बसवा आणि चूक किती कमी झाली ते बघा. खूपच कमी झाली तर संबंध बदललाय.

मेख एकच: कापायचं वर्ष आधी ठाऊक हवं.

त्याच वर्षी रिचर्ड क्वांट म्हणाले, ठाऊक नसेल तर प्रत्येक वर्षापाशी कापून बघा आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. कल्पना झकास, पण त्या आकड्याची तुलना कशाशी करायची? नेहमीचे तक्ते इथे चालत नाहीत. अख्ख्या वर्गातलं सगळ्यात उंच पोर निवडायचं आणि त्यावरून वर्गाची सरासरी उंची ठरवायची, तसला प्रकार. शिवाय बदल झालाच नसेल तर 'बदलाचं वर्ष' या गोष्टीला अर्थच उरत नाही, त्यामुळे नेहमीचं गणितही कोलमडतं. डोनाल्ड अँड्र्यूज यांनी याचं सर्वसाधारण उत्तर दिलं ते १९९३ मध्ये. एकच गुणक तपासायचा असेल आणि दोन्ही टोकांची १५ टक्के वर्षं सोडली, तर ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ वरून जवळपास ९ वर जाते. म्हणजे दुपटीहून जास्त!

मधल्या काळातला मला आवडणारा वाद पेरॉन यांचा. १९८९ मध्ये त्यांनी १९२९ ची मंदी आणि १९७३ चा तेलाचा धक्का ही वळणं गृहीत धरली, आणि अमेरिकेच्या आकड्यांबद्दलचा प्रस्थापित निष्कर्ष बराचसा उलटला. १९९२ मध्ये झिव्हॉट आणि अँड्र्यूज यांनी बोट ठेवलं: ही वर्षं तुम्ही आलेख बघूनच निवडलीत ना? वर्ष शोधून काढलंय असं धरून हिशोब केला, तेव्हा पेरॉन यांचे काही निकाल टिकले नाहीत.

आता पुन्हा भारताकडे. रॉड्रिक आणि सुब्रमण्यन यांनी २००४ मध्ये दाखवलं की वाढीचं वळण १९८० च्या आसपास, म्हणजे उदारीकरणाच्या दशकभर आधी येतं. मग १९९१ वर चाऊ टेस्ट लावली तर? ती बहुधा 'बदल आहे' असंच म्हणेल. कारण डाव्या बाजूला तीस संथ वर्षं आणि दहा वेगवान, उजवीकडे सगळीच वेगवान. दोन बाजू वेगळ्या आहेत एवढंच टेस्ट सांगते. भिंत नेमकी तिथेच आहे, असं सांगत नाही. श्रेय कोणत्या सरकारला द्यायचं हा वाद मात्र नेमका भिंतीच्या जागेवर चालतो. आणि वार्षिक आकडे जेमतेम काही दशकांचे असल्यामुळे त्या जागेचा अंदाजही दोन्हीकडे काही वर्षं सरकू शकतो.