लेखणीवर घाव

आम्ही गिरणीकामगार पाळी सुटल्यावर एकच पेपर दहाजण वाचायचो. रजेवर अवसरी खुर्दला आलो की तोच पेपर विहारात मोठ्याने वाचून दाखवायचा. पेपरची किंमत आम्हाला ठाऊक!

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे द्यायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. तेव्हा नुसता नकार होता, आता जीवच घेतात.

पत्रकारांवरचे हल्ले रोखायला राज्याने २०१७ साली कायदा केला, पण तो कागदावरच. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे बारसूच्या रिफायनरीविरुद्ध लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला गाडीने चिरडले, दुसऱ्या दिवशी ते वारले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. त्यांची शेवटची बातमी त्याच सकाळी छापून आली होती.