तळटीप १४ : युमा तारू
१४. युमा तारू (जन्म १९६३) या तैवानच्या डोंगराळ भागातील अतायाल या आदिवासी जमातीच्या विणकर व संशोधक होत. जमिनीवर पाय पसरून बसायचे, मागाची पोकळ लाकडी पेटी तळपायांनी रेटायची आणि कमरपट्ट्याने ताणा ओढून धरायचा, ही तेथील स्त्रियांची विणण्याची रीत असून, रॅमी या झाडाच्या सालीच्या धाग्याचे विणकाम जिला उत्तम साधे तिलाच पूर्वी चेहऱ्यावर गोंदवून घेण्याचा मान मिळे. जपानी राजवटीत (१८९५–१९४५) या गोंदणावर बंदी आली. पुढे तयार कापडामुळे विणकामही मागे पडले. युमा यांनी संग्रहालयांतील जुन्या वस्त्रांची वीण उलगडून ती गावातील स्त्रियांना शिकवली, शिवाय रॅमीची लागवडही पुन्हा सुरू केली, आणि केवळ जुने नमुने उतरवून घेण्यापेक्षा हे शिकवण्याचे व लागवडीचे काम अधिक मोलाचे ठरते.